सभा कोठे भरते?

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारू कोठे मिळते, हे सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील गावात फारसे कोणाला विचारावे लागत नाही. एस.टी.तून उतरलेल्या परक्या माणसालाही ते पाच मिनिटांत कळते. परंतु दारू सोडलेल्या माणसांची सभा कोठे भरते, हा प्रश्न त्याच गावात विचारला, तर ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठ्याच्या कार्यालयात, कोठेही उत्तर मिळेलच अशी खात्री नाही. आजचे विवेचन या दुसऱ्या प्रश्नापुरतेच आहे. दारूच्या दुष्परिणामांवर आजवर इतकी भाषणे झाली आहेत की, ती ऐकून दारू सुटत असती, तर या राज्यातील परमिट रूम केव्हाच ओस पडल्या असत्या.

प्रथम प्रश्नाचा आकार ध्यानात घ्यावा. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने करविलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकसंख्येपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी, लोक मद्य घेतात. त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत. म्हणजे पिणे त्यांच्या इच्छेवर राहिलेले नाही. आणि अशा ३८ व्यक्तींमागे केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांना उपचार नको असतात, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांतील कित्येकांनी देवापुढे शपथ घेतलेली असते. कित्येकांनी पंढरीची माळ घातलेली असते, आणि त्या माळेचा धाक अनेकांना वर्षानुवर्षे सावरून धरतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण गावची यात्रा येते, मुंबईहून पाहुणे येतात, एखादी पंचायतीची निवडणूक येते आणि शपथ मोडते. मोडल्यानंतर जावयाचे कोठे, हे ठाऊक नसल्यामुळे माणूस पुन्हा गुत्त्याकडेच वळतो.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील दारूपायी धुळीस मिळतो, हे सर्वांस ठाऊक आहे. एका गोष्टीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. त्या नाटकात पिणाऱ्यांची एक मंडळी आहे. तिला ‘आर्य मदिरामंडळ’ असे भारदस्त नावही आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांची मंडळी त्या नाटकात नाही. सुधाकराला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. स्वतः त्याच खड्ड्यातून वर आलेला माणूस भेटणे ही मात्र वेगळी गोष्ट असते.

असा माणूस भेटणे म्हणजे काय, हे सोळा वर्षांनी अमेरिकेतील ॲक्रन या गावी दिसून आले. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा रोख्यांच्या व्यवसायातील गृहस्थ कामानिमित्त तेथे गेला होता. काम फसले. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. हॉटेलच्या एका बाजूस मद्यगृह, दुसऱ्या बाजूस दूरध्वनी. पाय मद्यगृहाकडे ओढ घेत असता त्याच्या मनात आले की, आपल्याला या क्षणी दारूची नव्हे, दुसऱ्या एखाद्या दारुड्याची गरज आहे. चर्चच्या यादीतून त्याने एकामागून एक दूरध्वनी केले. अखेर एका बाईंच्या मध्यस्थीने त्याची गाठ त्या गावातील शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते. बोलणे काही तास चालले. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची कथा सांगितली. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला, तो दिवस १० जून १९३५. हीच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेची स्थापनातिथी मानली जाते. या संघटनेची सभा प्रथम भरली, ती अशी दोघांची होती. तिला अध्यक्ष नव्हता, सूत्रसंचालक नव्हता आणि हारतुरेही नव्हते.

ही चळवळ १९५७ साली भारतात आली. आज मुंबईपासून महाराष्ट्राच्या अनेक शहरांत तिचे गट आहेत आणि कित्येक ठिकाणी मराठीतून सभा चालतात. लोक तिला सुटसुटीतपणे ‘एए’ म्हणतात आणि सभेला ‘मीटिंग’. सभासदत्वासाठी एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगावे लागत नाही. सभेत येणारा आपले पहिले नाव सांगतो आणि आपली हकिगत सांगतो. इतर ऐकतात, मध्ये कोणी बोलत नाही, कोणी न्यायनिवाडा करीत नाही. जन्मभराची प्रतिज्ञा येथे मागितली जात नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच करार असतो आणि तो उद्या पुन्हा करावयाचा असतो. एक वर्ष दारूविना गेले की त्या दिवशी वाढदिवस साजरा होतो. साठीला आलेला गृहस्थ ‘आज माझे वय तीन वर्षे’ असे सांगतो, तेव्हा बाहेरच्याला हसू येते; सभेतील माणसाला त्या तीन वर्षांची किंमत कळते. चहा-बिस्किटांचा आणि जागेच्या भाड्याचा खर्च उपस्थितांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. बाहेरची देणगी ही संघटना स्वीकारत नाही, अगदी शासकीय अनुदानही नाही. अनुदानाच्या प्रस्तावांची सवय झालेल्या कार्यालयांस ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण त्यामुळेच या सभेवर कोणाचा हक्क चालत नाही.

या पद्धतीत ‘आपल्याहून श्रेष्ठ शक्ती’चा उल्लेख येतो. काहींना तो रुचतो, काहींना खटकतो. ज्याला खटकतो, त्याने त्या शक्तीच्या जागी समोर बसलेला गट मानला तरी चालते, असे जुने सभासद सांगतात. उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र श्रद्धेवर सोडण्याचे कारण नाही. २०२० साली कॉक्रेन या संशोधन-समीक्षा संस्थेने २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. अखंड मद्यमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत, रुग्णांना या सभांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा काहीसे सरस ठरले. एक वर्षाच्या अखेरीस पूर्णपणे मुक्त राहिलेले, इकडे शंभरांत ४२ आणि तिकडे ३५. म्हणजे शंभरांतील निम्म्याहून अधिक या वाटेनेही घसरतात. सभेची थोरवी सांगताना हा आकडा लपविणे अन्यायाचे होईल; पण घसरलेल्याला पुन्हा त्याच खुर्चीवर बसता येते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राने या विचारात स्वतःची भर घातली आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा त्यास मोठा आधार होता. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी निघालेल्या या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते करावयाचे, रुग्ण घरी गेल्यावर पाठपुरावा सोडावयाचा नाही आणि पत्नींचे वेगळे गट चालवावयाचे, ही तेथील रीत पुढे अनेक संस्थांनी उचलली.

साताऱ्यापुरते बोलावयाचे, तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे नाव ओघानेच येते. त्यांचा जन्म साताऱ्याचा, महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेस; म्हणजे आजच्या दोन्ही जिल्ह्यांवर त्यांचा सारखाच अधिकार. अंधश्रद्धा निर्मूलनाचे त्यांचे कार्य देशभर गाजले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. साताऱ्यातील ‘परिवर्तन’ संस्थेच्या व्यसनमुक्ती कार्याशी ते निगडित होते, ही बाजू तुलनेने कमी लोकांस ठाऊक आहे. त्यांचे चिरंजीव, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, हे काम पुढे नेत आले आहेत. याही मागे जावयाचे, तर १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने या दोन्ही जिल्ह्यांच्या गावोगावी न्यायदान मंडळे चालविली, गांधी पद्धतीचे विवाह लावले आणि दारूबंदीही अमलात आणली. त्या वेळी या मुलखाचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याचे नाव सांगली पडले १९६० साली. प्रतिसरकारची दारूबंदी धाकाची होती, हे मात्र विसरता येत नाही. धाकाने गुत्ता बंद होतो. घशाला पडलेली कोरड धाकाने जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सभा शोधावयाची कशी?

पाटण किंवा जावळी तालुक्यातील एखादा माथाडी कामगार डोळ्यांसमोर आणावा. तीस वर्षे मुंबईत बोजे वाहिले, तेथेच दारू लागली आणि तेथेच एका मराठी गटाच्या आधाराने ती सुटली. निवृत्त होऊन तो गावी येतो. मुंबईत चालत जाण्याच्या अंतरावर सभा होती. येथे ती तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी. सायंकाळची सभा आटोपेपर्यंत आठ वाजतात आणि गावाकडे जाणारी मुक्कामाची गाडी त्यापूर्वीच सुटलेली असते. दोन आठवडे तो पाहुण्यांकडे राहतो, तिसऱ्या आठवड्यात जात नाही. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणावयाचे की वेळापत्रकाचा दोष? या प्रश्नाचा बराचसा भाग असा साधा, पायाखालचा आहे.

दुसरी अडचण ओळखीची. शहरात अनामिक राहणे सोपे. जत, आटपाडी, माण, खटाव अशा भागातील गावात प्रत्येकाला प्रत्येकाची पावले ओळखू येतात. सभेच्या दारात शिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पारावर चर्चेचा विषय होतो. गुत्त्यात शिरलेला होत नाही, कारण त्यात नवल ते काय! म्हणून विट्याच्या माणसाने कराडची आणि कराडच्या माणसाने साताऱ्याची सभा गाठणे, याला पळपुटेपणा समजू नये. बाजाराच्या दिवशी, कामाच्या निमित्ताने परगावी जाऊन सभा गाठता येते. २०२० सालच्या टाळेबंदीपासून दूरध्वनीवरून व भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून भरणाऱ्या सभाही रूढ झाल्या आहेत. ज्याच्या गावातून सायंकाळी गाडी नाही, त्याला त्या उपयोगी पडतात. घरात दुसरी खोली नसली की, तोही मार्ग अडतो, हे खरे.

पत्ता मिळविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग विचारण्याचा आहे. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीविषयक निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर, १० ऑक्टोबर २०२२ पासून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तेथील समाजसेवा अधीक्षक वा परिचारिका यांना जवळची सभा कोठे व कोणत्या वारी भरते, हे विचारावे. ‘परिवर्तन’सारख्या संस्थांकडून आणि संघटनेच्या प्रसिद्ध दूरध्वनींवरूनही माहिती मिळते. सभांची जागा आणि वार बदलत असतात. म्हणून कोणाच्या तरी जुन्या कागदावरील पत्ता घेऊन साठ किलोमीटर जाण्याआधी दूरध्वनी करून खात्री करावी. धीर करून पहिल्यांदा निघालेला माणूस कुलूपबंद दारासमोर उभा राहिला, तर तो दुसऱ्यांदा निघेलच असे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना, आणि ती जिवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, डॉक्टरांना न विचारता, दारू बंद करू नये. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच हात कापू लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात, आणि या अवस्थेत उपचार न झाल्यास मृत्यूही संभवतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि रुग्णालयाऐवजी देवऋष्याकडे धाव घेतली जाते. अशा वेळी सभा उपयोगाची नाही, डॉक्टर हवा. शरीर सावरल्यावर सभा. तितकेच धोक्याचे म्हणजे जेवणात कळू न देता औषध मिसळणे. दारूची शिसारी आणणारे डायसल्फिराम हे औषध डेन्मार्कमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले आणि आजही ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने दिले जाते. नकळत दिले आणि त्यावर माणूस प्याला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती वाचून पुड्या आणणाऱ्या माउलींचा हेतू उदात्त असतो, पण पुडीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे. उपचार मागणे हा त्या माणसाचा हक्क होय.

पतीने दारू सोडण्याची वाट पाहत घरातील स्त्रीने बसून राहावे, असे नाही. कुटुंबीयांसाठीच्या ‘अल-ॲनॉन’ या वेगळ्या सभांची चळवळ १९५१ साली अमेरिकेत संघटित झाली. पती पीत असला, सभेला येत नसला, तरी तिला तेथे जाता येते. ‘माझेच काही चुकले असेल’ हे ओझे तेथे प्रथम खाली ठेवले जाते. आपल्याकडे बचत गटाच्या बैठकी गावोगावी भरतात. एका बैठकीनंतरचा अर्धा तास या विषयाला देता येईल. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

गावातील दुकान मतदानाने बंद करण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या नावाने ती परिचित आहे. गावातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते. बंदीसाठी केवळ झालेल्या मतांच्या नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक पाठिंबा लागतो. म्हणजे घरी बसलेले प्रत्येक मत बाटलीच्याच बाजूने मोजले जाते. ही अट पार करून स्त्रियांनी दुकाने बंद पाडली, हे त्यांच्या संघटनेचे मोठे यश होय. परंतु आडव्या बाटलीच्या दुसऱ्या दिवशी गावातील तीव्र व्यसनाधीन माणसांचे काय होते, याचा विचार मतदानाआधी झालेला क्वचितच आढळतो. काही शेजारच्या गावी जातात, काही चोरट्या दारूकडे वळतात, काहींच्या अंगाला घरातच कंप सुटतो. ज्या ग्रामसभेत बंदीचा विषय येतो, त्याच ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे आणि जवळच्या सभेचा वार फळ्यावर लिहावा.

शासकीय सेवेतही पिणारे आहेत. शिक्षक, चालक, लिपिक असे कोणी त्यातून सुटलेले नाहीत. अशा कर्मचाऱ्याची आडवळणी गावी बदली करण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे कार्यालय सुटते, माणूस अधिक एकटा पडतो आणि ज्या गावी तो जातो तेथील मुलांच्या वाट्याला तो शिक्षक येतो. वरिष्ठाने एकदा दार बंद करून त्याच्याशी शांतपणे बोलावे, उपचारासाठी रजा मंजूर करावी आणि सभेच्या वारी त्याला वेळेवर सोडावे. कारवाईचे अधिकार त्यानंतरही शाबूत राहतात.

पंचायतींकडून अपेक्षा फार थोडी आहे : आठवड्यातून एक सायंकाळ, एक खोली. शाळेचा वर्ग, समाजमंदिर, वाचनालय, काहीही चालेल. भाडे नाममात्र घ्यावे, कारण फुकट जागा ही मंडळी घेत नाहीत. दारावर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी लावू नये, उद्घाटन करू नये, छायाचित्रे काढू नयेत आणि आत कोण आले याची विचारणा शिपायामार्फतही करू नये. शक्य तर सरपंचांनी त्या वेळी त्या बाजूला फिरकूही नये. पुढच्या निवडणुकीची मते आत बसली आहेत, या समजुतीने तर मुळीच नाही. खोलीची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र निश्चित ठरलेले असावे आणि ती व्यक्ती परगावी गेली, तर दुसरी किल्ली कोठे मिळेल, हेही. सभा सहाला सुरू होऊन सातला संपावी, म्हणजे मुक्कामाची गाडी साधते. स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडून त्या गाडीची नेमकी वेळ लिहून घेऊन ती खोलीच्या आतील भिंतीवर लावून ठेवावी.